हंगामापूर्वी कॉलेज फुटबॉल संघाची डिफेन्सिव्ह लाइन कशी पारखावी

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि त्याआधीचे दोन महिने प्रत्येक संघाविषयीच्या भाकितांनी भरून जातात. त्यांतील बहुतेक भाकिते क्वार्टरबॅकभोवती, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूभोवती, फिरतात. डिफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे बचावात सर्वांत पुढे उभ्या राहणाऱ्या फळीच्या, वाट्याला एखाद-दुसरे वाक्य येते आणि तेही ‘गेल्या वर्षी सर्वाधिक सॅक करणारा खेळाडू परतला आहे’ किंवा ‘चारही मुख्य खेळाडू गेले आहेत’ एवढ्यावर थांबते. (सॅक म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे.) या दोन्ही वाक्यांवरून फळीची खरी ताकद कळत नाही. कोलंबस, ॲन आर्बर किंवा अथेन्सच्या विद्यापीठांत शिकणारे आणि शिकून गेलेले जे मराठी वाचक आपल्या विद्यापीठाच्या संघाचे सामने मनापासून पाहतात, त्यांना ही पारख स्वतः करता यावी, यासाठी हे मार्गदर्शन आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: फळी नेहमी आतून बाहेर वाचावी, म्हणजे मधले टॅकल आधी आणि कडेचे एंड नंतर, आणि सॅक मोजण्याआधी स्नॅप मोजावेत, म्हणजे खेळाडू किती प्लेंत, खेळाच्या किती चालींत, मैदानात होता ते पाहावे.

आधी रचना समजून घ्या

कोणताही आकडा पाहण्यापूर्वी संघ किती जणांची फळी लावतो आणि त्या फळीकडून काय मागतो, हे माहीत असले पाहिजे. चार जणांच्या फळीत दोन टॅकल आत आणि दोन एंड कडेला असतात. तीन जणांच्या फळीत मध्यभागी एक नोज टॅकल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जड एंड असतो, आणि क्वार्टरबॅकवर धावून जाणारा एज रशर कागदावर पुष्कळदा लाइनबॅकर (फळीच्या मागे उभा राहणारा बचावपटू) म्हणून नोंदलेला असतो. म्हणून संघाच्या यादीत ‘डिफेन्सिव्ह लाइन’ या मथळ्याखाली जी नावे दिसतात, तेवढ्यांचीच बेरीज करून निष्कर्ष काढू नये.

खेळाडू समोरच्या आक्रमक फळीच्या नेमक्या कोणत्या माणसाच्या कोणत्या खांद्यासमोर उभा राहतो, हे सांगण्यासाठी प्रशिक्षक आकडे वापरतात. आक्रमक फळीत मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या बाहेर आक्रमक फळीचे टॅकल असतात. शून्य म्हणजे सेंटरच्या थेट समोर, एक म्हणजे सेंटरच्या खांद्यावर, तीन म्हणजे गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर आणि पाच म्हणजे आक्रमक टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर. आक्रमक फळीतील माणसांमधल्या फटींना आतून बाहेर ए, बी, सी अशी नावे आहेत. एका खेळाडूने एकच फट सांभाळायची, की समोरच्या माणसाला धरून ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटींवर लक्ष ठेवायचे, यावरून त्याच्याकडून अपेक्षित आकडे पूर्णपणे बदलतात. एका फटीचा खेळाडू आत घुसतो, त्यामुळे त्याच्या नावावर मागे रोखलेले प्ले, म्हणजे चेंडू सुरुवातीच्या रेषेच्या मागेच अडवलेले प्ले, अधिक लागतात. दोन फटींचा खेळाडू जागा अडवून उभा राहतो आणि त्याच्या मागचा लाइनबॅकर चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडून जातो.

आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संघाचे उदाहरण इथे उपयोगी पडते. बचावाचे प्रशिक्षक असताना जॉन हीकॉक यांनी तिथे तीन लाइनमन, तीन लाइनबॅकर आणि तीन सेफ्टींची (सर्वांत मागच्या बचावपटूंची) जी रचना बसवली, तिच्यात पुढचे तिघे आतल्या फटी बुजवतात आणि रन, म्हणजे चेंडू घेऊन धावण्याचे प्ले, बाहेरच्या दिशेला वळवतात. अशा फळीची सॅकसंख्या कमी दिसली म्हणून ती दुबळी ठरवली, तर ती ज्या कामासाठी उभी केली आहे त्या कामाचा विचारच केला नाही असे होईल. कबड्डीत पकडीचा गुण पहिल्यांदा हात घालणाऱ्या कोपरारक्षकाच्या नावावर लागतो, पण चढाईपटूला त्या कोपऱ्याकडे जायला भाग पाडणाऱ्या मध्यरक्षकांची साखळी गुणपत्रिकेत दिसत नाही; नोज टॅकलचे काम त्या साखळीसारखे असते.

डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाचा मुख्य प्रशिक्षक, बदलला असेल, तर गेल्या वर्षीच्या सगळ्या आकड्यांचे वजन कमी करावे लागते. ओहायो स्टेटमध्ये २०२५ च्या हंगामापूर्वी जिम नोल्स पेन स्टेटला गेले आणि मॅट पॅट्रिशिया आले. अशा वेळी जुन्या आकड्यांपेक्षा नव्या माणसाने आधीच्या संघांत फळी कशी वापरली होती, याचा शोध अधिक फळ देतो. लाइनचा प्रशिक्षक तोच राहिला आहे का, हेही पाहावे. माझ्या अनुभवात ही बाब वाचकांकडून सर्वाधिक दुर्लक्षित होते, वास्तविक हातांचा वापर आणि पहिले पाऊल हे सगळे शिक्षण रोजच्या रोज त्याच्याच हाताखाली होत असते.

गेल्या वर्षीचे आकडे स्वच्छ करून घ्या

कॉलेज फुटबॉलच्या आकडेवारीत एक मोठा सापळा आहे. एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या, नोंदीत क्वार्टरबॅकला सॅक केल्यावर गेलेले यार्ड प्रतिस्पर्ध्याच्या रनिंग यार्डांतून वजा होतात. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, ते पासिंगच्या खात्यातून वजा होतात. त्यामुळे ‘रनविरुद्धचा बचाव’ म्हणून छापला जाणारा कॉलेजचा आकडा प्रत्यक्षात रन आणि सॅक यांची सरमिसळ असतो, आणि भरपूर सॅक करणारा संघ रन थांबवण्यातही जबरदस्त आहे असा भास निर्माण होतो.

हे दुरुस्त करणे सोपे आहे. समजा, एखाद्या संघाविरुद्ध हंगामात ४५० रन नोंदले गेले आणि त्यांत १,५६० यार्ड गेले. दर रनला हे सुमारे ३.५ यार्ड होतात आणि आकडा चांगला दिसतो. पण त्या ४५० मध्ये ४० सॅक असतील आणि त्यांत प्रतिस्पर्ध्यांचे २६० यार्ड गेले असतील, तर खरे रन ४१० आणि खरे यार्ड १,८२० होतात, म्हणजे दर रनला ४.४ यार्ड. पहिल्या आकड्यावरून फळी भक्कम वाटते. दुसऱ्यावरून कळते की कडेचे एंड उत्तम असून मधला भाग सरकत होता. सामन्यांच्या अधिकृत नोंदीतून ही वजाबाकी कोणालाही करता येते आणि या संपूर्ण मार्गदर्शनातून एकच गोष्ट करायची असेल, तर ती ही करावी.

एकूण आकड्यांपेक्षा दर प्लेचे प्रमाण पाहावे. २०२३ पासून फर्स्ट डाउननंतर (चार डाउनांत, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड पूर्ण केल्यावर) घड्याळ थांबवण्याची पद्धत प्रत्येक अर्धाच्या शेवटच्या दोन मिनिटांपुरती मर्यादित झाली, त्यामुळे सामन्यातील प्लेंची संख्या घटली. २०२२ आणि त्यानंतरच्या वर्षांची थेट तुलना एकूण सॅकवरून केली तर ती जुन्या संघांच्या बाजूने झुकते. आर्मी, नेव्ही किंवा एअर फोर्स यांसारख्या, बहुतांश वेळ चेंडू धावत नेणाऱ्या संघांशी झालेला सामना वेगळा काढून ठेवावा, कारण त्या एका सामन्यामुळे रनचे आकडे फुगतात आणि पास रशचे, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाण्याचे, आकडे आकसतात. तसेच सामना एकतर्फी झाल्यानंतरचे प्ले शक्य असल्यास वगळावेत.

सॅकपेक्षा प्रेशरची संख्या, म्हणजे क्वार्टरबॅकला घाई करायला लावलेल्या प्लेंची संख्या, पुढच्या वर्षाविषयी अधिक भरवशाची असते. सॅक पूर्ण होण्यात मागच्या कव्हरेजचा (पास झेलणाऱ्यांना मागच्या बचावपटूंनी अडवून धरण्याचा), क्वार्टरबॅकच्या चेंडू धरून ठेवण्याच्या सवयीचा आणि नशिबाचाही वाटा असतो. एखाद्या खेळाडूच्या नावावर दहा सॅक असतील, पण त्यांतले पाच दोन दुबळ्या संघांविरुद्ध आले असतील, तर त्याला दहा सॅकचा खेळाडू म्हणून पुढच्या हंगामात मांडू नये. विश्लेषक बिल कॉनेली यांनी रुजवलेला ‘हॅवक रेट’ हाही चांगला निर्देशांक आहे. मागे रोखलेले प्ले, पाडायला लावलेले फम्बल (हातून सुटलेले चेंडू) आणि अडवलेले किंवा पकडलेले पास यांची एकूण प्लेंशी टक्केवारी त्यात काढतात. यातला फळीचा वाटा वेगळा काढून पाहावा, नाहीतर चांगल्या कॉर्नरबॅकचे (मागे कडेला पास अडवणाऱ्याचे) श्रेय पुढच्या चौघांना मिळते.

कोण परतले, यापेक्षा किती स्नॅप परतले

‘परतलेले मुख्य खेळाडू’ हे माप फळीच्या बाबतीत फार तोकडे आहे, कारण डिफेन्सिव्ह लाइनमध्ये माणसे सतत बदलली जातात. साधे गणित मांडू. सामन्यात प्रतिस्पर्ध्याचे ६५ प्ले झाले आणि चार जणांची फळी उभी राहिली, तर एकूण २६० माणशी स्नॅप होतात आणि त्यांतले १३० मधल्या दोन जागांचे असतात. तीनशे पौंडांच्या पलीकडचा टॅकल चाळीसच्या वर स्नॅप खेळू लागला की चौथ्या क्वार्टरमध्ये त्याचे खांदे वर येऊ लागतात आणि समोरचा गार्ड त्याला सहज ढकलतो. दोन मुख्य टॅकलना प्रत्येकी ४० स्नॅप दिले, तरी ५० उरतात. म्हणजे मधल्या भागाचे जवळपास ४० टक्के काम तिसऱ्या आणि चौथ्या टॅकलकडे जाते, आणि बारा सामन्यांत ते ६०० स्नॅप होतात. ऑगस्टच्या भाकितांत या दोघांची नावेही नसतात.

म्हणून एक कागद घेऊन प्रत्येक जागेसमोर गेल्या हंगामात कोणी किती स्नॅप खेळले ते लिहावे, गेलेल्यांची नावे खोडावीत आणि उरलेली बेरीज करावी. स्नॅपची अचूक संख्या मिळत नसेल, तर तीन-चार सामन्यांचे चित्रीकरण पाहून स्वतः मोजावी. काम कंटाळवाणे आहे, पण यातून जे समजते ते दुसऱ्या कशातून समजत नाही.

जॉर्जियाचा २०२१ चा संघ या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. जॉर्डन डेव्हिस या नोज टॅकलला त्या वर्षी आउटलँड आणि बेडनारिक हे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले, आणि त्याच्या नावावर हंगामात सॅक होते फक्त दोन. पासच्या प्लेंमध्ये तो बऱ्याचदा बाहेर बसे. नंतर एनएफएलच्या चाचणीत ३४१ पौंड वजनाच्या या खेळाडूने चाळीस यार्ड ४.७८ सेकंदांत धावून दाखवले, तेव्हा त्याची क्षमता सर्वांना दिसली. पण ज्यांनी त्याच्यावर दोन-दोन ब्लॉकर (बचावपटूला अडवून धरणारे आक्रमक खेळाडू) कसे खर्च होत होते हे पाहिले होते, त्यांना ती आधीच माहीत होती. त्याच फळीतला ट्रॅव्हॉन वॉकर २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघांच्या खेळाडू-निवडीत) पहिल्या क्रमांकावर गेला, डेव्हिस तेराव्या आणि डेव्हॉन्ट वायट अठ्ठाविसाव्या. जेलन कार्टर पुढच्या वर्षी नवव्या क्रमांकावर निवडला गेला. एवढी माणसे असल्यामुळे कोणालाही दमेपर्यंत खेळावे लागले नाही. सामन्याला सरासरी दहाच्या आसपास गुण देऊन जॉर्जियाने तो हंगाम जिंकला, त्यामागे हे वाटप होते.

उलट बाजूने पाहायचे तर ओहायो स्टेट घ्या. जॅक सॉयर, जे. टी. टुइमोलोआऊ, टायलिक विल्यम्स आणि टाय हॅमिल्टन हे चौघेही २०२४ साठी थांबले आणि संघाने २० जानेवारी २०२५ रोजी नोटर डेमला ३४–२३ असे हरवून विजेतेपद मिळवले. त्यानंतर चौघेही गेले. ‘चारही मुख्य खेळाडू गेले’ हे वाक्य २०२५ च्या उन्हाळ्यात सगळीकडे होते, आणि ते खरेही होते. पण केडन करी, केन्याटा जॅक्सन आणि केडन मॅकडॉनल्ड हे तिघे त्यांच्यामागे बदली म्हणून खेळलेले होते आणि लॅरी जॉन्सन हेच लाइनचे प्रशिक्षक होते. ३० ऑगस्टच्या पहिल्याच सामन्यात त्या संघाने टेक्सासला ७ गुणांवर रोखले. स्नॅपचा कागद ज्याने केला होता, त्याला यात फारसे आश्चर्य वाटले नसेल.

क्लेमसनच्या २०१८ च्या फळीतले क्लेलिन फेरेल, क्रिश्चन विल्किन्स आणि डेक्स्टर लॉरेन्स असे तिघे ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले, तरी पुढच्या वर्षी संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. मात्र तिथे कारण वेगळे होते: डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर ब्रेंट वेनेबल्स यांनी २०१९ मध्ये तीन जणांच्या फळीचा वापर वाढवला आणि मागच्या वेगवान खेळाडूंवर भार टाकला. त्यामुळे पारख करताना एक प्रश्न नेहमी विचारावा की फळी कमजोर झाली, तर हा कोऑर्डिनेटर तिच्यावरचा भार कमी करू शकतो का, आणि तेवढे चांगले खेळाडू त्याच्याकडे मागे आहेत का.

दुसऱ्या विद्यापीठातून आलेले खेळाडू

ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, २०१८ मध्ये सुरू झाले आणि २०२१ पासून एक वर्ष बाहेर न बसता पहिल्यांदा संघ बदलता येऊ लागला; त्यानंतर हंगामापूर्वीची पारख अवघड झाली आहे. मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन्ही टॅकल पहिल्या फेरीत गेल्यावर मिशिगनने २०२५ साठी अलाबामाचा डेमन पेन आणि क्लेमसनचा ट्रे विल्यम्स आणले. अशा खेळाडूंबद्दल ‘अलाबामातून आला’ ही ओळख पुरेशी नसते. तो तिथे किती स्नॅप खेळत होता, कोणत्या जागी उभा राहत होता आणि नव्या संघात त्याच जागी उभा राहणार आहे का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. गार्डच्या खांद्यावरून आत घुसणाऱ्या खेळाडूला नोजच्या जागी उभे केले, तर त्याच्यावर दोन ब्लॉकर येतात आणि त्याचे जुने आकडे निरुपयोगी ठरतात.

लहान कॉन्फरन्समधून (विद्यापीठांच्या गटातून) आलेल्या एज रशरच्या सॅककडे मी सावधपणे पाहतो. त्याने मोठ्या संघांविरुद्ध खेळलेले एक-दोन सामने शोधावेत आणि तेवढेच पाहावेत. नव्या भरतीतल्या पंचतारांकित, म्हणजे सर्वोच्च श्रेणीतल्या, मुलाबद्दलही असेच: एजच्या जागी अठरा वर्षांचा मुलगा आपल्या वेगाच्या बळावर लगेच उपयोगी पडू शकतो, आत मात्र बावीस-तेवीस वर्षांच्या गार्डशी झुंजायला शरीर तयार व्हावे लागते आणि त्याला बहुधा एक-दोन वर्षे लागतात. यादीत छापलेले वजन मार्गदर्शक समजावे, प्रमाण समजू नये.

चित्रीकरणात काय पाहायचे

तीन सामने निवडावेत: सर्वांत चांगल्या आक्रमक फळीविरुद्धचा, पळत्या क्वार्टरबॅकविरुद्धचा आणि शेवटपर्यंत अटीतटीचा झालेला. चेंडूकडे पाहण्याची सवय इथे मोडावी लागते. स्नॅप झाल्यावर पहिले सेकंदभर फक्त मधल्या टॅकलकडे पाहावे. तो खाली वाकून निघतो का, त्याचे हात समोरच्याच्या छातीत आधी पोहोचतात का आणि दोघांनी मिळून ढकलल्यावर तो जागा सोडतो की गुडघा टेकून का होईना ढीग करून ठेवतो, हे तीन-चार प्लेंतच दिसू लागते. नंतर तोच प्ले पुन्हा लावून लाइनबॅकर पाहावा. त्याच्यापर्यंत एकही ब्लॉकर पोहोचला नसेल, तर पुढच्या टॅकलने काम केले आहे, मग नोंदीत त्याचे नाव असो वा नसो.

याचा नमुना म्हणून ३० नोव्हेंबर २०२४ चा मिशिगन–ओहायो स्टेट सामना जरूर पाहावा. त्या हंगामात पुढे विजेता ठरलेला ओहायो स्टेटचा संघ पुन्हा पुन्हा मधून चेंडू धावत नेत राहिला आणि ग्रॅहम व ग्रँट यांच्यासमोर अडत राहिला. मिशिगनने तो सामना १३–१० असा जिंकला.

तिसऱ्या डाउनला एक-दोन यार्ड हवे असतानाचे प्ले आणि चौथ्या क्वार्टरमधली पाठलागाची तयारी वेगळी नोंदवावी. विरुद्ध बाजूला गेलेल्या रनमागे एंड धावतो की उभा राहून पाहतो, यावरून त्याची दमसास आणि फळीची शिस्त दोन्ही कळतात.

वसंतातल्या पंधरा सरावांच्या आणि ऑगस्टच्या शिबिराच्या बातम्यांना मर्यादित किंमत द्यावी. सरावसामन्यात क्वार्टरबॅकला पाडायची परवानगी नसते, म्हणून तिथले सॅक शिट्टीवर ठरतात. शिवाय फळी आपल्याच संघाच्या आक्रमक फळीवर वरचढ ठरत असेल, तर एक चांगली आहे की दुसरी वाईट, हे बाहेरून सांगता येत नाही. त्या बातम्यांतून दोनच गोष्टी टिपाव्यात: पहिल्या गटात कोणता टॅकल कोणत्या जागी उभा आहे आणि कोण सलग सरावाला गैरहजर आहे.

वेळापत्रक जोडा आणि निर्णय लिहा

शेवटी वेळापत्रक समोर ठेवावे. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या आक्रमक फळीत किती अनुभवी खेळाडू परतले आहेत, कोणते संघ मधून रन रेटतात आणि असे दोन संघ लागोपाठच्या आठवड्यांत येतात का, हे पाहावे. तिसरा आणि चौथा टॅकल कच्चा असलेल्या फळीसाठी ऑक्टोबरमध्ये विश्रांतीचा आठवडा कुठे येतो, याला मोठे महत्त्व असते.

निर्णय लिहिताना ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ असा शेरा देऊ नये. रन, पास रश आणि खोली (बदली खेळाडूंची ताकद) या तिन्हींबद्दल वेगवेगळे लिहावे आणि प्रत्येकासोबत अट जोडावी: ‘दुसरा नोज सामन्याला पंचवीस स्नॅप टिकला, तर मधून रन रोखण्यात हा संघ गेल्या वर्षीइतकाच राहील, नाही टिकला, तर नोव्हेंबरमध्ये दर रनला अर्धा यार्ड जास्त जाईल.’ अशी अट घातली की ती तपासता येते. तारखेसह हे लिहून ठेवावे आणि चौथ्या सामन्यानंतर काढून पाहावे. २०१८ मध्ये आलेल्या नियमाने चार सामन्यांपर्यंत खेळूनही नव्या खेळाडूला आपल्या पात्रतेचे ते वर्ष राखून ठेवता येऊ लागले, त्यामुळे पाचव्या सामन्यात एखादा नवखा टॅकल मैदानात उतरला, तर प्रशिक्षकांना त्या जागेची गरज भासू लागली आहे, असे समजावे आणि आपल्या कागदावरचे स्नॅपचे वाटप त्या दिवशी पुन्हा मांडावे.